जेवणानंतरची गोळी

“मग चूक कुणाची, सर?”

डॉ. केदार कुलथे अजून खुर्चीवर टेकलाही नव्हता. रोग्याची छाती ऐकायला तो ज्यांच्याकडे शिकला, ते डॉ. रूबेन आवळे आता थकले होते. मिशनच्या बंद पडलेल्या दवाखान्यामागे दोन खोल्यांत राहत. केदार मात्र शहरातला नावाजलेला हृदयरोगतज्ज्ञ झाला होता. त्याच्या हाताला यश आहे, असं लोक म्हणत. त्यालाही ते पटलं होतं.

“बस आधी,” सर म्हणाले.

“सुंद्राबाई म्हणून पेशंट आहे. छातीत दुखतंय म्हणायची, घरचे पित्त समजत राहिले. शेवटी माझ्याकडे आणली. रक्तवाहिनी उघडली, स्टेंट बसवला. मिश्री सोडा, मीठ कमी करा, रक्त पातळ करणारी गोळी एक दिवसही चुकवू नका... सगळं बजावलं. काल परत आली. स्टेंटमध्ये गुठळी. जेमतेम वाचली.”

“गोळी?”

“चुकवत होती.”

सरांनी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

“मी झापलं तिला. सगळ्या वॉर्डादेखत.” केदारचा आवाज खाली आला. “म्हटलं, मरायचंच होतं तर माझ्याकडे कशाला आलात?”

“काय म्हणाली?”

“काही नाही. भिंतीकडे तोंड केलं.”

“गोळी कधी घ्यायला सांगितली होतीस?”

“रात्री, जेवणानंतर.”

“आणि रात्री ती कुणाबरोबर जेवते?”

केदारला कालचा वॉर्ड आठवला.

सुंद्राबाईची सून सांगत होती काहीतरी. तो तेव्हा रागात होता. दोघं नवरा-बायको जन्मभर एका वेळी जेवले. नवरा गेला, तेव्हापासून म्हातारी सगळ्यांना वाढते, भांडी विसळते, आणि तशीच आडवी होते. घास उतरत नाही म्हणते.

हे त्यानं सरांना सांगितलं. सांगता सांगताच त्याला कळलं.

“जेवली नाही, म्हणून गोळीही...”

“ऐकलं तिनं तुझं,” सर म्हणाले. “अगदी शब्दाला धरून.”



“गोळीची वेळ बदलतो. आजच सांगतो. पण बाकीच्याचं काय करू, सर? बंद रक्तवाहिनी उघडता येते मला. घास उतरत नाही, त्याला माझ्याकडे काय आहे?”

सरांनी खुर्ची जवळ ओढली. केदारचं मनगट हातात घेतलं, नाडीवर बोटं ठेवली आणि डोळे मिटले.

केदारला हात काढून घ्यावासा वाटला. मग वाटेनासा झाला. बाहेर कुणीतरी कपडे वाळत घालत होतं. टेबलावरचा चहा निवून गेला. त्याच्या छातीतली धडधड हळूहळू खाली बसली. आपण कालपासून नीट श्वाससुद्धा घेतला नव्हता, हे त्याच्या ध्यानात आलं.

सरांची बोटं होती तिथंच होती.

“सर...” तो हळूच म्हणाला, “नाडी मोजून झाली असेल.”

“ती केव्हाच झाली.”