विझवलेली भट्टी

तासगावच्या निजामभाई मुजावरांची बेकरी लाकडाच्या भट्टीवर चालायची, आणि त्यांना तिच्या धुराची भारी लाज वाटायची. मोठ्या हॉटेलाचे साहेब बेकरीमुळे हवेत किती कार्बन जातो याचा अंदाज घ्यायला येणार होते. तो पटला तरच पावाची ऑर्डर टिकणार होती. म्हणून आजोबांपासून कधी न विझलेली भट्टी निजामभाईंनी आदल्या दिवशीच विझवली.

साहेब आले. एसीसाठी गाडी बाहेर चालूच राहिली. त्यांनी गार भट्टीत डोकावून विचारलं, “धूर कुठाय?”

“लाजेपायी विझवली, साहेब.”

“अहो, जळणाचं वजन करायचं, ठरलेल्या आकड्याने गुणायचं, की कार्बन कळतो. धंद्यापायी जळलेलं काही सोडायचं नाही. लपवता काय? लाज वाटली पाहिजे.”

“वाटतेच आहे. पण भट्टी पुन्हा तापवायला दुप्पट लाकूड लागेल. ते, आणि बाहेर घुरघुरणारी तुमची गाडी, कुणाच्या नावावर धरू?”

“तुमच्याच. भेट तुमच्यासाठी आहे.”

“मग धूर कमी करायचा उपाय सापडला,” निजामभाई मान खाली घालून म्हणाले. “तुम्ही पुन्हा येऊ नका.”

साहेबांचे कान लाल झाले. ते बाहेर जाऊन स्वतः गाडी बंद करून आले.

“ऑर्डर चालू राहू दे,” ते पुटपुटले आणि समोरची खारी उचलली.

भट्टी बंद, म्हणून खारी शिळी होती. निजामभाईंना पुन्हा लाज वाटली.