सुगंधेची भट्टी

खाडीकाठच्या एका गावात एकदा एक वृद्ध सुतार राहत असत. त्यांनी कोणत्याही शाळेत शिकवले नव्हते. तरी सारा गाव त्यांना गुरुजी म्हणे, कारण गावातल्या बहुतेक सुतारांच्या हाती पहिला रंधा त्यांनीच दिला होता. गाव दारांसाठी प्रसिद्ध होते. फणसाच्या पिवळ्याधमक लाकडाची जाडजूड दारे, त्यांवर वेलबुट्टी, आणि कडी न लावताही चौकटीत घट्ट बसणारी फळी, अशी त्या गावची ख्याती होती.

पण त्या ख्यातीला एक उणेपण चिकटले होते. खाडीच्या दमट हवेत ठणठणीत राहणारे दार घाट चढून कोरड्या मुलखात गेले, की पहिल्याच उन्हाळ्यात आकसे, आणि मधोमध तडा जाई. कारण उघड होते. गावात वर्षाचे चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने खारा वारा. लाकूड कितीही काळ छपराखाली ठेवा, त्याच्या पोटातला ओलावा पुरता कधी जातच नसे. घाटावरचे लोक म्हणू लागले होते, की तिकडची कारागिरी बघावी आणि दार दुसरीकडून घ्यावे. हे बोलणे गावाच्या जिव्हारी लागत असे.

अशात घाटावरच्या शहरातून एक व्यापारी आला. तिथे नवे नाट्यगृह उभे राहत होते, आणि त्या नाट्यगृहाच्या साऱ्या दारांचे काम या व्यापाऱ्याकडे होते.

"नक्षी तुमच्यासारखी कुणाची नाही, हे मी जाणतो," तो गुरुजींना म्हणाला. "पण एक जरी दार फाटलं, तरी शहरात मला तोंड दाखवायची सोय राहणार नाही. लाकूड आतपर्यंत सुकलेलं हवं. तेवढं जमणार असेल, तर काम तुमचं."

सुतारांची बैठक भरली. लाकूड सुकवायची भट्टी बांधावी, यावर एकमत झाले. तिची रचना कोणी करावी, यावर मात्र सारे गुरुजींकडे पाहू लागले. गुरुजींनी कोपऱ्यात बसलेल्या सुगंधेकडे बोट केले.

"ही करील."

सुगंधा मूळची होड्या बांधणाऱ्या घरातली. तालुक्याच्या तंत्रशाळेत ती वाफेची आणि पंख्यांची यंत्रे शिकली होती, आणि मग गुरुजींच्या कारखान्यात येऊन त्यांच्या हाताखाली लाकूड शिकत होती. तिच्याहून वयाने आणि अनुभवाने मोठे असे कितीतरी जण त्या बैठकीत होते. त्यांतले सर्वांत ज्येष्ठ बाबल मेस्त घसा खाकरून म्हणाले, "गुरुजी, पोर हुशार आहे, ना नाही. पण गावाची अब्रू आहे ही."

"म्हणूनच तर," गुरुजी म्हणाले, आणि बैठक उठली.

त्या दिवशी सुगंधा घरी गेली ती जणू जमिनीवरून चालतच नव्हती. तिने दिवस दिवस बसून आराखडा काढला. दुहेरी भिंतींची विटांची खोली. बाहेरच्या बाजूला चूल, आणि चुलीची धग आत नेणाऱ्या लोखंडी नळ्या जमिनीलगत. एका भिंतीत मोठा पंखा. छताशी ओलसर हवा बाहेर टाकणाऱ्या झडपा. फळ्यांची थप्पी रचताना दोन थरांमध्ये लाकडी पट्ट्या घालायच्या, म्हणजे प्रत्येक फळीच्या अंगावरून वारा खेळेल. सगळा भर एकाच गोष्टीवर होता: हवा जितकी तापवता येईल तितकी तापवायची, आणि ओलावा दिसला की तत्काळ बाहेर काढायचा. गुरुजींनी आराखडा पाहिला. दोन ठिकाणी भिंतीची जाडी वाढवायला सांगितले. मग म्हणाले, "बांध."

भट्टी उभी राहिली, तेव्हा ती पाहायला शेजारच्या गावांतून माणसे आली. पहिली थप्पी आत गेली आणि अपेक्षेपेक्षा फार लवकर बाहेर आली. फळ्या हलक्या झाल्या होत्या. टिचकी मारली, की खणखणीत वाजत होत्या. एकीवरही चीर नव्हती. व्यापारी मुद्दाम आला होता, त्याने फळीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मुली, हे तर मी मोठ्या शहरांतही पाहिलं नाही." बाबल मेस्तांनीसुद्धा मान डोलावली. सुगंधेच्या आईने कारखान्यात सर्वांना गूळपोहे वाटले. सुगंधेने हसू दाबायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण ते पुन्हा पुन्हा ओठांवर येतच होते.

दुसऱ्या दिवशी फळ्या चिरायला घेतल्या. दारासाठी जाड फळीचे मधोमध उभे दोन भाग करायचे होते. बाबल मेस्त करवत चालवत होते. फळी अर्धी चिरून झाली असेल नसेल, तोच करवत अडकली. दोन्ही भागांनी पाते चिमट्यात धरावे तसे घट्ट धरले होते. पाचरी मारून ती कशीबशी सोडवली, फळी शेवटापर्यंत चिरली, आणि दोन्ही भाग धनुष्यासारखे वाकून बाजूला पडले. आतल्या बाजूला, जिथे लाकूड एकसंध असायला हवे होते, तिथे बारीक बारीक भेगांची जाळी होती. दुसरी फळी चिरली, तिसरी चिरली. सगळ्यांचे पोट असेच फाटलेले. बाहेरून मात्र त्या आरशासारख्या निर्दोष.

माणसे एकेक करून आपापल्या रंध्याकडे वळली. तेच सुगंधेला सर्वांत अधिक लागले. शेवटी बाबल मेस्त करवत खाली ठेवत हळूच म्हणाले, "ऊन बरं होतं, बाबांनो. निदान फाटायचं ते समोर फाटायचं." फळ्या चिरताना पाहायला थांबलेला व्यापारी छत्री उचलून निघून गेला. सुगंधा घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी कामावर आली नाही. तिसऱ्या दिवशीही आली नाही. आईला ती म्हणाली, "मी परत होड्यांच्याच कामाला जाते. भट्टीचं बघतील ते बघतील. कुणीतरी दुसरी बांधेल."

त्याच दिवसांत गुरुजींनी एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी पाथरवटाला बोलावून घेतले आणि एक काळा घोटीव दगड भट्टीच्या दारावर बसवून घेतला. त्यावर ठसठशीत अक्षरे होती: 'ही भट्टी सुगंधेने रचली.'

गावात जो तो चकित झाला. ज्या भट्टीने एवढे लाकूड नासले, तिच्यावर नाव कोरायचे? काहींना वाटले, म्हातारपणी गुरुजींचे भान सुटत चालले. काहींना वाटले, ही शिक्षा आहे. पोरीने आयुष्यभर लक्षात ठेवावी अशी. बाबल मेस्त तर सरळ जाऊन म्हणाले, "गुरुजी, पोरीला एवढं छळू नका." गुरुजी नुसते हसले.

बातमी सुगंधेच्या कानी गेली. ती तडक कारखान्यात आली. डोळे रडून लाल झाले होते, आणि आता त्यांत राग होता.

"गुरुजी, माझी चूक झाली, मी मान्य करते. पण अशी थट्टा का? येणारा जाणारा वाचतोय ते!"

"अक्षर छान काढलंय पाथरवटाने," गुरुजी दगडाकडे पाहत म्हणाले. "नाही?"

"काढून टाका तो दगड."

"काढतो. आत्ता पाथरवटाला बोलावतो. फक्त एवढं सांग, की ही भट्टी तू रचलेली नाहीस."

सुगंधा उत्तर देण्यासाठी पुढे झाली, आणि थांबली. समोर ती दुहेरी भिंत होती, जिच्या विटांचा प्रत्येक थर तिने स्वतः पाहून घेतला होता. तो पंखा होता, ज्याच्या पात्यांचा कल तिने तीनदा बदलला होता. 'माझी नाही' हे शब्द जिभेवर आले. पण उच्चारता येईनात. ज्यात आपण इतके ओतले, ते परके म्हणायला तिचे मन तयार होईना.  मग ती भट्टीत गेली, आणि फाटलेल्या फळ्यांचे तुकडे पुढ्यात घेऊन बसली.

आता ती त्यांच्याकडे निराळ्या डोळ्यांनी पाहू लागली. बाहेरचा थर कडक, ताणलेला. आतला भाग फाटलेला. असे का व्हावे? तिने न सुकवलेल्या लाकडाचा ओला तुकडा घेतला, चुलीजवळ धरला, कापून पाहिला. दुसरा घेतला, सावकाश तापवला, कापून पाहिला. हळूहळू तिला उलगडत गेले. तिच्या कोरड्या, तप्त हवेने फळीची कातडी पहिल्याच झपाट्यात सुकवून टणक केली होती. आतला ओलावा तेव्हा अजून जागचा हललाही नव्हता. मागाहून पोट सुकायला लागले, आकसू पाहू लागले. पण बाहेरचे कवच आता तसूभर हलायला तयार नव्हते. तेव्हा बिचारे लाकूड आतल्या आत फाटले. तिने भट्टी अशी रचली होती, की ओलावा दिसला की हाकलून द्यायचा. आतल्या ओलाव्याला बाहेरपर्यंत चालत यायला वेळ लागतो, याचा तिने विचारच केला नव्हता.

मग तिने झडपांना झाकणे बसवली. चुलीवर पाण्याची मोठी टाकी चढवली, आणि तिची वाफ आत सोडणारी भोके पाडलेली नळी भिंतीलगत फिरवली. पंख्याची दिशा थोड्या थोड्या वेळाने उलटी करता यावी, अशी सोय केली. आरंभी हवा ऊबदार आणि दमट ठेवायची, म्हणजे कातडी मऊ राहील. पोटातला ओलावा जसजसा बाहेर येईल, तसतशी हवा कोरडी करत न्यायची. आणि शेवटी पुन्हा एकदा वाफ द्यायची, म्हणजे कवचात ताण उरला असेल तर तोही सैल पडेल.

व्यापारी गुरुजींच्या निरोपावरून पुन्हा आला होता. भट्टीतून निघणारे वाफेचे लोट पाहून तो मोठ्याने हसला. "गुरुजी, लाकूड सुकवायचं म्हणून मी आलो. तुम्ही तर त्याला आंघोळ घालताय! आणि हे असं किती दिवस चालायचं?"

गुरुजी काही बोलण्याआधी सुगंधा पुढे झाली. तिच्या कपाळावर काजळी होती, आणि आवाज अगदी स्थिर होता.

"शेटजी, दारावर नाव माझं आहे. हसायचं असेल तर मला हसा. ओलं लाकूड कोरड्या हवेत ढकललं, की काय होतं ते तुम्ही पाहिलंत. या वेळी लाकूड म्हणेल तितका वेळ मी देणार आहे. फळी चिरायच्या दिवशी तुम्ही इथे या. करवत तुम्ही धरा."

व्यापाऱ्याने तिच्याकडे नीट पाहिले, आणि तो पुढे हसला नाही.

थप्पी या खेपेला बराच काळ आत राहिली. सुगंधा रोज एक तुकडा काढून कापून पाही, आणि मगच वाफेची तोटी वळवी. ज्या दिवशी फळ्या बाहेर आल्या, त्या दिवशी सारा कारखाना गोळा झाला. करवतीचे एक टोक बाबल मेस्तांनी धरले, आणि दुसरे खरोखरच व्यापाऱ्याने. पाते लोण्यातून जावे तसे गेले. फळीचे दोन भाग झाले, आणि दोन्ही जसेच्या तसे सरळ राहिले. आतले लाकूड उन्हाच्या रंगाचे, अखंड. बाबल मेस्तांनी ते भाग एकमेकांवर ठेवून पाहिले. मध्ये नखही जाईना. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, आणि म्हणाले, "पोरी, मी उगाच बोललो होतो." सुगंधा वाकून त्यांच्या पाया पडली. या वेळी तिला हसू दाबायचा प्रयत्न करावा लागला नाही, आणि ते उतूही गेले नाही.

दारे घाटावर गेली. एक उन्हाळा गेला. दुसराही गेला. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर व्यापाऱ्याचा निरोप आला, की नाट्यगृहाची सगळी दारे आजही बोटाने ढकलावीत आणि आवाज न करता उघडावीत अशी आहेत. आणि लोक विचारतात, हे लाकूड कोणत्या गावचे.

त्या संध्याकाळी गुरुजी कारखान्याच्या पायरीवर बसले होते. सुगंधा त्यांच्या शेजारी येऊन बसली. इतके दिवस मनात ठेवलेला प्रश्न तिने विचारला.

"गुरुजी, नाव कोरायचंच होतं, तर आज कोरायचं. ज्या दिवशी मला तोंड लपवावंसं वाटत होतं, त्याच दिवशी का कोरलंत?"

गुरुजी म्हणाले, "पोरी, यश आल्यावर नाव कोरायला कुणी गुरू लागत नाही. तेव्हा दगड आपोआप मिळतो, पाथरवटही मिळतो. पण त्या दिवशी तू भट्टी टाकून निघाली होतीस. आणि टाकलेल्या कामाची चूक कुणी शोधत नाही. माणूस तिच्याकडे पाठ फिरवतो. मला ठाऊक होतं, तुझ्यात अभिमान आहे. तो चांगला आहे, खणखणीत आहे. फक्त तो कौतुकावर उभा होता. मला तो कामावर उभा करायचा होता. म्हणून म्हटलं, हिचं नाव हिच्या समोर ठेवावं. हिला ते पुसवणार नाही. आणि पुसवलं नाही, तर ही ते साजेसं करूनच सोडेल."

सुगंधेने भट्टीच्या दारावरच्या दगडाकडे पाहिले. मग म्हणाली, "आणि मला जमलंच नसतं तर? नाव तर कोरून बसलं होतं."

"त्याची तजवीज केली होती," गुरुजी सहज म्हणाले. "पाथरवटाला सांगितलं होतं, खाली एका ओळीची जागा सोड. तुला जमलं नसतं, तर तिथे लिहून घेणार होतो, 'आणि तिला तिच्या गुरूने शिकवले.'"

सुगंधेने मान वर केली.  आत नवी थप्पी लागली होती, आणि टाकीतले पाणी उकळायला आले होते. ती उठली, पदर खोचला, आणि वाफेची तोटी सोडायला आत गेली. गुरुजी पायरीवरून तिच्या पाठीकडे पाहत राहिले. त्या वृद्ध चेहऱ्यावर त्या वेळी जे तेज होते, ते कारखान्यातल्या कोणी आधी पाहिले नव्हते.

आपल्या हाताखालच्या माणसाच्या कामावर आपण त्याचे नाव नेमके कोणत्या दिवशी लिहितो, हे प्रत्येक वडीलधाऱ्याने एकदा स्वतःला विचारून पाहावे.