सभेसाठी मांडव

फार पूर्वी एका जंगलात उन्हाळा दरसाल लांबत चालला, म्हणून सरपंच हत्तीकाकांनी सभा बोलावली. सभा म्हटली की हिरव्या फांद्यांचा मांडव हवाच! त्यासाठी माकडं माळावरचं शेवटचं जांभळाचं झाड तोडायला निघाली; मागोमाग काका आणि पंचायतही आली. त्यावर झिपरी खारीचं घरटं होतं, आत तीन पिल्लं.

“काका, सावली तोडून उन्हावर भाषणं ठोकणार?” झिपरी कडाडली.

“मोठ्यांना शिकवू नये, पोरी. रीत आहे ती.”

“मग माझ्याशी भांडायला सगळे सावलीतच का उभे आहात?”

सगळ्यांनी पायांखाली पाहिलं. अख्खी पंचायत जांभळाखालीच दाटली होती.

हत्तीकाका खाकरले. मांडव रद्द झाला. प्रत्येकाने एक बी पेरायची आणि काकांनी सोंडेने पाणी घालायचं, असं ठरलं.

“अनुमोदन कोण देणार?” कोल्हेबुवांनी विचारलं.

“आधी खड्डा खणा, बुवा!” झिपरी म्हणाली.