टिकलीच्या पंखांचे माप

पूर्वी रेवतीनगरात सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वेशीबाहेरच्या कुंभारवाड्यात एका बुटक्या, तांबड्या कोंबड्याच्या जन्माला आला होता. राजाचा या गोष्टीशी पुढे काही संबंध येत नाही. गोष्ट आहे ती तिष्या नावाच्या कुंभारणीची, तिच्या परसाची आणि टिकली नावाच्या एका कोंबडीची.

तिष्येच्या परसातल्या कोंबड्या वीतभर उंचीच्या होत्या आणि त्यांची अंडी लिंबाएवढी. हे कूळ तिच्या आईने तिला दिलेले. वाड्यातल्या बायका चेष्टा करीत, "तिष्ये, कोंबड्या पाळल्यास की चिमण्या?" पण चेष्टा करणाऱ्याच बायका गरज पडली की ओच्यात अंडी घेऊन तिच्या दारात येत. कारण त्यांच्या थोराड कोंबड्या अंडे घालीत आणि विसरून जात. बुटकी मात्र एकदा खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायच्या ओढीने पिसे फुलवून बसली, की पिल्ले निघेपर्यंत तिला उठवणे कोणाच्या बापाला जमत नसे.

टिकली ही त्यांतलीच. डोक्यावर पांढरा ठिपका होता म्हणून टिकली. ती पिल्लू असताना इतकी अशक्त होती की आईच्या मागे धावताही येत नसे. तेव्हा तिष्येच्या मुलीने, उत्पलेने, तिला ओच्यात घेऊन कण्या भरवल्या आणि वाढवले. पुढे उत्पला लग्न होऊन नदीपलीकडच्या गावी गेली. जाताना ती आईच्या गळ्यात पडून रडली आणि मग टिकलीला कुशीत घेऊन त्याहून जास्त रडली.

त्या वाड्यात एक रीत होती. लग्नानंतर मुलगी पहिल्यांदा माहेरी आली की परत जाताना आई तिला पिल्लांसकट कोंबडी देई. दुरडीत कोंबडी, तिच्या पंखाखाली पिल्ले आणि वर फडके. सासरच्या अंगणात सगळ्या बायका जमल्या की ते फडके काढायचे. हिला पंखांची ओटी म्हणत. उत्पलेने निरोप धाडला होता, "आई, मला टिकलीच दे."

आणि जणू निरोप ऐकल्यासारखी टिकली त्याच सुमारास खुडूक झाली. तिष्येला कोण आनंद झाला! तिने एक तडा गेलेला रांजण परसाच्या कोपऱ्यात आडवा ठेवला, आत राख पसरली, वर पेंढा घातला आणि दिवेलागणीला टिकलीला तिच्याच अंड्यांवर अलगद बसवले. टिकलीने पोटाखाली चोच घालून अंडी सारखी केली, पंख पसरले आणि डोळे मिटले. वरून पाहिले तर एकही अंडे दिसत नव्हते. तिष्येची आई तिला हेच सांगून गेली होती. बाई, वरून अंडे दिसता कामा नये.

इथवर सगळे ठीक होते. पण त्याच संध्याकाळी शेजारची मल्लिका कुंपणाशी आली आणि आपल्या मुलीच्या ओटीचे कौतुक सांगू लागली. फडके काढताच पिल्लांचा असा लोंढा बाहेर पडला म्हणे, की विहिणींना पाय ठेवायला जागा उरली नाही. मग रांजणात डोकावून ती म्हणाली, "एवढीशीच अंडी बसवलीस? असो. ज्याची जेवढी ऐपत."

हे वाक्य तिष्येच्या काळजात काट्यासारखे रुतले. मल्लिकेची पाठ वळते न वळते तोच ती चार घरे फिरली, थोराड कोंबड्यांची मोठाली अंडी मागून आणली आणि टिकलीच्या भोवती, पंखाखाली, शेपटीखाली, जिथे जागा मिळेल तिथे सरकवली. टिकलीने तक्रार केली नाही. ती अंग ताणताताणता पेंढ्यावर भाकरीसारखी पसरली.

बोधिसत्त्व कुंपणावर बसून हे पाहत होता. त्या काळी पशुपक्ष्यांचे बोलणे माणसांना समजत असे. ऐकणारे मात्र तेव्हाही थोडेच होते. तो खाली उतरून म्हणाला, "माय, तिच्या पंखांचे माप संपले. जी अंडी बाहेर दिसतात ती परत नेऊन दे."

"तांबड्या, तू आपले आरवायचे बघ," तिष्या म्हणाली. "अंडी कशी बसवायची ते मला माझ्या आईने शिकवले आहे."

आईने काय शिकवले होते ते तिला त्या क्षणीही आठवत होते. पण आठवणे वेगळे आणि ऐकणे वेगळे.

काही दिवस गेले. टिकलीचा स्वभाव असा की तिला आपले-परके कळत नसे. जे अंडे कडेला गार पडले आहे ते ती चोचीने ओढून पोटाखाली घेई, आणि त्याला जागा व्हावी म्हणून पोटाखालचे ऊबदार अंडे कडेला सारी. थोड्या वेळाने पुन्हा तेच. शहाणी कोंबडी दिवसातून एकदा उठते, दाणे टिपते, पाणी पिते, राखेत अंग घोळते आणि परत येते. टिकली उठेनाशी झाली. उठावे तर कडेचे कोणीतरी गारठलेले असायचेच. तिने छातीची पिसे उपटून उघड्या कातडीची ऊब अंड्यांना द्यायला सुरुवात केली. तिचा तुरा फिकट पडला.

बोधिसत्त्व पुन्हा तिष्येकडे गेला. "माय, फक्त कडेची अंडी गारठतात असे नाही. ती सगळ्यांना पाळीपाळीने ऊब देते, म्हणून सगळीच पाळीपाळीने गारठतात. आणि तीही खंगत चालली आहे."

या वेळी तिष्या घाबरली. तिने कडेचे एक अंडे उचलून दिव्यासमोर धरले. आत तांबड्या शिरांचे बारीक जाळे होते आणि मध्ये काहीतरी हलले. "यात तर जीव धरला आहे रे. आता कसे टाकू?"

"टाकू नकोस. टिकलीला झेपतील तेवढी तिच्याजवळ ठेव. बाकीची माझ्याखाली दे. मी बसतो."

तिष्येला हसू फुटले, आणि लगेच तिने कुंपणापलीकडे पाहिले. "कोंबडा अंड्यांवर? मल्लिकेने पाहिले तर वर्षभर माझ्या नावाने टाळ्या पिटील. नको बाबा. थोडे दिवस उरले आहेत, निभेल."

तिने दाणे भिजवून टिकलीच्या चोचीपुढे धरले, पाण्याचे मडके जवळ सरकवले, आणि आपण काहीतरी केले अशी मनाची समजूत घातली. बोधिसत्त्वही कुंपणावर परत गेला. रात्री तो टिकलीला टेकून बसे आणि जमेल तेवढी कडेची अंडी पंखाने झाकी. पण दिवस उजाडला की कळप त्याची वाट पाहत असे आणि तो निघून जाई.

एका सकाळी तिष्या दाणे घेऊन आली तेव्हा टिकली हलली नाही. तिचे पंख पसरलेलेच होते. चोच एका मोठ्या, परक्या अंड्यावर टेकलेली होती. ते ती आत ओढीत असावी. तिष्येने दाणे खाली ठेवले. तिने टिकलीला उचलले तर हाताला वजन लागेना.

"मी तुला दोनदा सांगितले," बोधिसत्त्व म्हणाला, "आणि एवढ्याने माझे काम झाले असे समजलो. पहाटे सगळ्या वाड्याला जागे करणारा मी, त्या दिवशी मला ओरडायला हवे होते. तू नको म्हणालीस म्हणून मी बसलो नाही. बसायला तुझी परवानगी कशाला हवी होती? हे मला फार उशिरा सुचले, माय."

एवढे बोलून तो रांजणात शिरला आणि टिकलीच्या जागेवर बसला.

मल्लिका हसलीच. सगळा वाडा हसला. कळपातल्या एका तरुण कोंबड्याने कुंपणावरची जागा घेतली, कोंबड्या त्याच्या मागे गेल्या, आणि बोधिसत्त्वाने मान वळवूनही पाहिले नाही. अंड्यांवरून उठायला नको म्हणून त्याने आरवणे सोडले. नव्या कोंबड्याला वेळेचे भान नव्हते, त्यामुळे वाडा उन्हे येईपर्यंत झोपू लागला. तिष्येचा नवरा, पुष्कर, एकदा बाजाराला उशिरा पोचला आणि मडकी तशीच परत घेऊन आला. तो चिडून म्हणाला, "आरवत नाही तो कोंबडा काय पुजायचा? कालवण कर त्याचे."

तिष्या रांजणाच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. "त्याला हात लावलात तर या घरात पुन्हा चूल पेटायची नाही." पुष्करने बायकोचा हा आवाज आजवर ऐकला नव्हता. तो चाकाशी जाऊन बसला.

मग तिष्येने आधीच करायला हवे होते ते केले. कोमट पाण्याच्या परातीत एकेक अंडे सोडले. ज्यात पिल्लू जिवंत असते ते अंडे पाण्यात आपोआप डुलते. बहुतेक अंडी स्तब्ध राहिली. प्रत्येक स्तब्ध अंड्यापाशी ती थांबे, वाट पाही, आणि मग ते बाजूला ठेवी. जी थोडी डुलली तेवढी तिने बोधिसत्त्वाच्या पंखाखाली ठेवली. आता वरून एकही अंडे दिसत नव्हते.

त्यांतून मोजकी पिल्ले निघाली. एकाच्याही डोक्यावर पांढरा ठिपका नव्हता.

उत्पला आली ती अंगणात पाऊल ठेवल्याबरोबर परसाकडे धावली. रांजणात कोंबडा आणि त्याच्या पंखातून डोकावणारी पिल्ले पाहून ती खळखळून हसली. "आई, हे काय नवल! आणि टिकली कुठे आहे?"

तिष्येने सगळे सांगितले. मल्लिकेचा टोमणाही सांगितला आणि तांबड्याचे बोलणेही. स्वतःला कुठे झाकले नाही. शेवटी म्हणाली, "तुझी ओटी भरगच्च दिसावी म्हणून केले गं. सासरी तुझी मान खाली होऊ नये म्हणून."

उत्पला बराच वेळ पेंढ्यावरून हात फिरवीत राहिली. मग म्हणाली, "मी पिल्ले कुठे मागितली होती, आई? मी टिकली मागितली होती."

तिष्येने दुरडीत पेंढा घातला, बोधिसत्त्वाला पिल्लांसकट आत ठेवले आणि वर फडके टाकले. नदीपलीकडच्या अंगणात ते फडके काढल्यावर विहिणी हसल्याच असतील. बोधिसत्त्वाने तिथेही पिल्लांना दाणे टिपायला शिकवले, घार दिसली की पंखाखाली घेतले, आणि ती रात्री उंच फांदीवर बसू लागेपर्यंत त्यांची साथ सोडली नाही. इकडे तिष्येने पुढे जेव्हा जेव्हा अंडी बसवली तेव्हा तेव्हा ती वरून वाकून पाही, आणि पाहून झाल्यावरही तिथेच उभी राही.

जेतवन विहारात शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली. समोर सुव्रता नावाची भिक्खुणी मान खाली घालून बसली होती. दुष्काळात लोक अनाथ मुली आणून सोडीत होते आणि तिने एकीलाही नाही म्हटले नव्हते. तिची कीर्ती गावोगाव झाली. दुसऱ्या विहारातून दोनदा विचारणा आली, काही मुली आम्ही सांभाळू का. आपला मान कमी होईल म्हणून तिने नकार दिला. त्या गर्दीत कौमुदी नावाची एक मुलगी आपले पांघरूण रोज एकेकीला देत राहिली आणि तापाने गेली. ती आजारी आहे हे सुव्रतेला तोवर कळलेही नव्हते.

शास्ता म्हणाले, "तेव्हाची उत्पला म्हणजे आज कौमुदीची वाट पाहत दाराशी बसणारी तिची धाकटी बहीण. कुंपणाशी आलेली मल्लिका म्हणजे तुझी स्तुती गात फिरणारे लोक. उशिरा शहाणा झालेला कोंबडा मीच होतो. आणि तिष्या म्हणजे तू."

सुव्रतेने विचारले, "भंते, आणि टिकली?"

"तुला ठाऊक आहे," शास्ता म्हणाले.

सुव्रता रडू लागली. शास्त्यांनी तिला रडू दिले. मग ते म्हणाले, "करुणा तुझ्यापाशी तेव्हाही होती, आजही आहे. तिच्याबरोबर मात्रज्ञता हवी, म्हणजे आपल्या पंखांचे माप ओळखणे. ऊठ. दुसऱ्या विहारात निरोप धाड. आणि दाराशी बसलेल्या त्या लहानगीला आधी आत घे, बाहेर गारठा आहे."