सारंग चिताऱ्याचे अपुरे चित्र

एका राज्यात पद्मसेन राजा राज्य करीत होता. त्याचा एकुलता एक पुत्र मणिधर. एके दिवशी मायाधर नावाचा जादूगार भर दरबारात आपल्या विद्येचे वर्णन करू लागला. वर्णन लांबले आणि मणिधराला जांभई आली. झाले! जादूगाराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने भस्माची चिमूट फेकली, आणि राजपुत्राच्या आसनावर हिरवा राघू बसलेला दिसला.

राणी इंदुमतीने पदर पसरून उःशाप मागितला.

"तुमच्या राजचिताऱ्याकडून याच्या मूळ रूपाचे चित्र काढून घ्या," मायाधर बोलला. "चित्राचे डोळे उघडले, की हा माणूस होईल. मात्र चित्र पुसाल, तर दर पुसण्याला याचे शब्द जातील. शेवटचा शब्द गेला, की हा कायमचा पक्षी."

एवढे बोलून तो हसत निघून गेला. का हसला, ते दरबारात कोणाला कळले नाही. राघूला मात्र पहिल्याच संध्याकाळी कळले.

त्या राज्याची रीत अशी, की चित्राचे डोळे सर्वांत शेवटी काढायचे. त्याला डोळे उघडणे म्हणत. डोळे उघडले की त्या चित्राला पुन्हा कुंचला लावायचा नाही, आणि चिताऱ्याच्या कुंचल्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. राजचितारी सारंग याचा हात गंधर्वाचा होता आणि नजर खाष्ट सासूची. डोळे उघडायची वेळ आली, की त्याला कापरे भरे.

पहिले चित्र इतके देखणे उतरले, की राघूचा जीव हरखला.

"उघडा डोळे," राघू म्हणाला.

"नाक, युवराज. नाक अंमळ डावीकडे झुकले आहे."

"माझे नाक झुकलेलेच आहे."

"चित्रात शोभणार नाही," सारंग म्हणाला, आणि त्याने ओल्या फडक्याने चित्र पुसले. त्यासरशी राघू खाण्याच्या सगळ्या पदार्थांची नावे विसरला. आटवलेल्या दुधाचे ते गोड, ज्यासाठी तो लहानपणी रडून घर डोक्यावर घेई, त्याला काय म्हणतात ते काही केल्या आठवेना.

दुसऱ्या चित्रात कान बिनसला. पुसले. मित्रांची नावे गेली, घोड्यांची गेली. राघू सारंगाच्या बोटाला कडकडून चावला.

"चावा, युवराज," सारंग निमूटपणे म्हणाला. "पुढचा कान चांगला येईल."

तिसऱ्या चित्रात खोट सापडेना. सापडेना म्हणजे काय! दिवसभर शोधून त्याने ती काढलीच. खांद्यावरच्या शेल्याची एक चुणी.

"अरे शहाण्या, इथे मी संपत चाललो आहे," राघू ओरडला. "आणि तू चुणी बघतोस?"

"डोळे उघडले की चूक जन्माची होते," सारंग म्हणाला. त्याचा आवाज खरोखरच कापत होता. "लोक म्हणतील, सारंगाने युवराज बिघडवला."

फडके फिरले. राघूचे स्वतःचे नावही गेले. विचारपूस करायला राणी आली आणि तिने विचारले, "बाळा, काय उरले तुझ्यापाशी?"

"आई," राघू म्हणाला. दुसरा शब्द नव्हता.

राणीने डोळ्यांना पदर लावला. सारंगाने चौथे चित्र घेतले आणि हनुवटीपर्यंत झरझर उतरवले. मग दोन पावले मागे सरून त्याने एक डोळा मिटला आणि सुस्कारा टाकला. तो सुस्कारा राघूच्या ओळखीचा होता.

"हनुवटी," सारंग पुटपुटला, आणि त्याने फडके भिजवले.

ठेव ते, असे राघूला सांगायचे होते. सांगणार कशाने? तोंडात एकच शब्द, आणि तोही आता जाणार. या माणसाच्या हनुवटीपायी तो आपल्या आईला विसरणार होता. संतापाने त्याची पिसे फुलली. तो उडाला, काजळीच्या शाईत त्याने चोच बुडवली आणि चित्रावर टेकवली. एक डोळा नीट बसला. दुसऱ्या वेळी सारंगाने शेपूट ओढली, म्हणून तो डोळा जरा वर गेला.

पिसे झडली आणि राजपुत्र उभा राहिला. त्याचे शब्दही सगळे एकदम परत आले. त्यांतल्या शिव्या त्याने आधी वापरल्या.

सारंगाने त्या ऐकल्याच नाहीत. तो मणिधराचा वर गेलेला डावा डोळा बघत होता. राणी धावत आली, तसा तो खांबाआड लपला. राणीने लेकाचे तोंड ओंजळीत धरून कितीतरी वेळ निरखले. आता बोलणार, म्हणून सारंगाने डोळे मिटून घेतले.

"किती वाळलास रे," राणी म्हणाली.

नगरात गुढ्या उभारल्या. राजाने साखर वाटली. राज्य मार्गी लागले. सारंग मात्र दिवसभर त्या खांबाआड उभा होता. त्या डोळ्याबद्दल कोणीतरी बोलेल, याची वाट बघत. कोणीच बोलले नाही. शेवटी कंटाळून तो घरी गेला आणि राजाने सांगितलेले पुढचे चित्र त्याने दिवेलागणीच्या आत संपवले, डोळ्यांसकट.

कहाणीत काही उणे राहिले असेल तर राहो. ती पुरी झाली.