नववी वीट

एका राज्यात, जिथे म्हाताऱ्यांच्या जिभेला धार होती आणि अकलेला गंज, तिथे नगराभोवती भाजक्या विटांची उंच भिंत होती. भिंतीवर उठावदार चित्रं कोरलेली: हत्ती, वेली, पाखरं, माणसं. दूरदेशीचे व्यापारी म्हणत, "वाहवा! डोळे कसे जिवंत कोरलेत!"

कोरले नव्हते. जिवंतच होते.

दर वर्षी एक तरुण जीव त्या भिंतीत जाई. थोरला कारागीर रुद्राबा नऊ कच्च्या विटांवर त्याचं रूप कोरी, विटांच्या पाठीवर एक ते नऊ आकडे घाली, आणि रोज भर दुपारी एक वीट भट्टीत सरकवी. पहिली भाजली की त्याची पावलं विटेची होत, दुसरीला पोटऱ्या, आणि नववी वीट चेहऱ्याची. का, तर भिंत पडू नये. राजा दुर्जयसेनाच्या साक्षीनं रुद्राबानं एका मांत्रिकाला तसं वचन दिलं होतं. मांत्रिक मेला, वचन उरलं. पन्नास वर्षांत भिंतीवर एकही सुरकुतलेला चेहरा का चढला नाही, हे कुणी विचारलं नाही.

केवडानं विचारलं. कारागीरशाळेतून तिला त्याच दिवशी हाकललं. आणि यंदा नाव निघालं तिच्या धाकट्या बहिणीचं, सगुणाचं.

सहा विटा भाजून झाल्या होत्या. सगुणा छातीपर्यंत वीट होऊन कोनाड्यात उभी होती.

"ताई... पायाला खाज... सुटलीय गं. आणि पायच... नाहीत."

"बोलू नकोस. श्वास जपून वापर."

"अर्धाच... येतो."

केवडाला रडू फुटलं. तेव्हा भिंतीवरची विटेची साळुंकी तुटक्या चोचीनं बोलली, "पोरी, रडण्यानं माती मळत नाही. ज्यानं वचन दिलं, त्याचा चेहरा नवव्या विटेवर कोर. त्यानंच ती स्वहस्ते भट्टीत घातली, तर शाप तुटेल. माती मेल्या तळ्याची हवी, आणि ती घेताना मागे वळायचं नाही. पाणी भिंतीच्या डोळ्यांचं हवं. आणि चेहरा खरा हवा."

"खरा म्हणजे कसा?"

"या भिंतीवर सगळ्यांचा आहे तसा. भ्यालेला."

सातव्या दिवशी केवडा कोरड्याठाक मेल्या तळ्यात उतरली. टळटळीत ऊन, आणि तळाशी मांत्रिकाची सावली बसलेली. सावलीला माणूस नव्हता. केवडा माती खणू लागली तशी सावली सरकत तिच्या पाठीशी आली.

"ताई, मी सुटले, मागे वळून बघ ना!"

आवाज सगुणाचाच. केवडाची मान वळता वळता थांबली. एवढं वाक्य एका दमात? सगुणाकडे तेवढा श्वास उरलाच नव्हता. दात आवळून तिनं टोपली भरली आणि वर आली. मानेवर कुणाचातरी गार उच्छ्वास वेशीपर्यंत होता.

आठव्या दिवशी ती वाटी घेऊन भिंतीपाशी गेली. विटेच्या बोटांनी तिची वेणी धरली, पदर धरला. मुंडावळ्यांसकट भिंतीत गेलेली एक नवरी पुटपुटली, "आमचे डोळे कधीचे आटले. कुणासाठी रडू?"

"रुद्राबाच्या चेहऱ्यासाठी पाणी हवंय," केवडा म्हणाली.

भिंत हसू लागली. हसता हसता इतकी रडली, की वाटी भरून वाहिली.

नवव्या सकाळी ती दरबारात गेली. रुद्राबा लोडाला टेकून बसला होता, चेहऱ्यावर नेहमीची घडीव शांती.

"आबा, भिंतीला तडा गेलाय."

"शाळेतून हाकललेल्या पोरीनं मला भिंत शिकवू नये."

"मी कसली शिकवते? पण नगरात बोलतायत, भिंतीला आता तरुण रक्त पुरत नाही. मुरलेला माणूस मागते म्हणे."

राजानं सावकाश मान वळवून रुद्राबाकडे पाहिलं. फक्त पाहिलं. म्हाताऱ्याचा खालचा ओठ लोंबला, डावा डोळा बारीक झाला, गालाचं मांस थरथरलं. केवडानं तो चेहरा डोळ्यांत भरून घेतला आणि धूम पळाली. दरबार तडा शोधायला भिंतीकडे धावला.

मेल्या तळ्याची माती जन्माची तहानलेली. आसवं ती घटाघटा प्यायली, आणि कोरून होताच वीट खडखडीत वाळली. भट्टी बोटभर खाते, वीट आकसते, म्हणून केवडानं चेहरा बोटभर मोठा कोरला. पाठीवर नऊचा आकडा घातला. वाळवणीच्या छपरात जाऊन सगुणाची नववी वीट उचलली, तिच्या जागी ही ठेवली आणि वर तेच फडकं गुंडाळलं.

दुपार झाली. तडा सापडला नव्हता, रुद्राबा शिव्या देत भट्टीशी आला. सगुणा हनुवटीपर्यंत वीट झाली होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

चेहऱ्याची वीट भाजण्याआधी बघायची नाही, अशी रीत. बघितली तर हात थरथरतो, असं म्हातारेच म्हणत. रुद्राबानं फडक्याखाली बोट घालून पाठ चाचपली.

"नऊ. राज्यासाठी!" म्हणाला, आणि न बघता फडक्यातून वीट आत सरकवली.

काहीच झालं नाही. सगुणाचे ओठ थांबले. केवडानं मनात पुन्हा मोजलं: माती, पाणी, चेहरा. चुकलं? कुठे चुकलं?

"राजन्," रुद्राबा म्हणाला, "माझा ओठ..."

पुढचा शब्द विटेत राहिला. तोंड, गळा, छाती, पावलं. फडकं धरलेला हात तेवढा शेवटी लाल झाला.

मग भिंत सुटू लागली. सर्वांत आधी साळुंकी उडाली. नवरी उतरली. पन्नास वर्षांत भिंतीत गेलेली माणसं गुडघे चोळत एकेक करून खाली आली.

"पळा!" राजा ओरडला. "भिंत पडेल!"

भिंतीत माणसांच्या आकाराची भोकं पडली होती. त्यांतून वारा आरपार वाहत होता. सगळे श्वास रोखून उभे राहिले.

भिंत पडली नाही. कधी पडणारच नव्हती.

पन्नास माणसं राजाकडे बघू लागली. राजानं मुकुट काढून जमिनीवर ठेवला आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

सगुणानं छाती भरून श्वास घेतला. "ताई, आधी माझे पाय खाजव," ती एका दमात म्हणाली.

त्या राज्यात आजही विटा कोरतात. भट्टीत घालण्याआधी थोरल्यानं फडकं काढायचं, वीट उजेडात धरायची, आधी चेहरा बघायचा आणि मगच पाठ.