हिरवळीवर पडलेली वाट

एकदा एक गोल्फपटू चार वर्षे परदेशात खेळून आपल्या गावी परतला. येताना त्याने एक हुकलेला फटका बरोबर आणला.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मैदान लांबच लांब असते. काठीने चेंडू मारत न्यायचा आणि शेवटी बारीक कातरलेल्या हिरवळीवरच्या एका होलात टाकायचा. ज्याला फटके कमी लागतील तो पुढे. परदेशात या खेळाच्या मालिका चालतात, त्यांना टूर म्हणतात. या आठवड्यात एका देशात, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या. वर्षअखेर नाव वरच्या लोकांत असले तर जागा राहते. नसले तर निवड स्पर्धेतून पुन्हा आत यावे लागते. बहुतेकांना ते जमत नाही.

हा चार वर्षे टिकला. हॉटेलच्या खोलीत विजेच्या किटलीत भात शिजवून खाल्ला. चार दिवसांच्या स्पर्धेत दोन दिवसांत बाद झाला की बाकीचे मैदानात खेळत असताना हा विमानतळावर बॅगेवर बसून असे. काही स्पर्धांत वरही आला, पेपरात नाव आले. चौथ्या वर्षीच्या शेवटच्या स्पर्धेत, शेवटच्या हिरवळीवर, त्याचा चेंडू होलापासून दोन पावलांवर थांबला. उतार डावीकडे होता. तो चेंडू आत जाता तर जागा राहती. चेंडू काठाला घासून बाहेर पडला. जागा गेली.

गावाबाहेर जुन्या छावणीचे गोल्फ मैदान आहे. तिथेच तो लहानपणी आबांच्या हाताखाली शिकला होता. आबा म्हातारे गुरू, उमेदीत स्वतः खेळलेले, बोलणे मोजके. शिष्य परत आला तेव्हा त्यांनी "जेवलास का?" एवढेच विचारले.

मैदानाच्या मागच्या बाजूला सरावाची एक हिरवळ होती. तिच्यावर फारसे कुणी येत नसे. शिष्याने तिथे अगदी तसाच उतार शोधला. तेवढ्याच अंतरावर होल कापले. मग रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी तोच फटका. माळ्यांना त्याने बजावले होते, या कोपऱ्याचे गवत तेवढे कापायचे, बाकी हात लावायचा नाही, रूळही फिरवायचा नाही. काही महिन्यांनी चेंडू चुकेनासा झाला. कुणीही यावे, कधीही यावे, चेंडू आत.

ही गोष्ट गावात पसरली.

गावात पाण्याच्या पंपांचा एक व्यापारी होता. शिष्याला परदेशी पाठवण्यात त्याचाच हात होता. माणूस दिलदार, पण त्याला पाहुण्यांची हौस भारी. कुणी आले की गाडीत घालून मैदानावर आणायचा.

"हेच ते होल. अस्सं होतं तिकडं. इथंच आमच्या पठ्ठ्याचं नशीब फुटलं. आता बघा."

शिष्य फटका मारी. चेंडू आत जाई. पाहुणे टाळ्या वाजवीत. मग शिष्य त्या दिवसाची कथा सांगे. कथा सांगता सांगता वाढली. आधी तिच्यात वारा नव्हता, मग वारा आला. पुढे गर्दीत कुणीतरी खोकू लागले.

असे वर्ष गेले. निवड स्पर्धा पुन्हा जवळ आली. शिष्याने वयाची अडतीस वर्षे ओलांडली होती. या खेपेला गेला नाही तर पुढे कुणी विचारणार नव्हते, हे त्याला कळत होते. नाव द्यायला आठवडा उरला होता. व्यापाऱ्याने त्याच सुमारास त्याला बोलावून घेतले.

"कशाला जातोस परत धक्के खायला? आमच्या विक्रेत्यांचे मेळावे असतात गावोगाव. तिथं हा किस्सा सांग. हरलेला माणूस कसा उभा राहिला, ते सांग. पगार देतो, गाडी देतो. पंपासारखा, बटण दाबलं की पाणी देशील."

शिष्याला ते पटलेही आणि टोचलेही. तो आबांकडे गेला.

"आबा, जाऊ का निवडीला?"

"खेळतोस कसा?"

"तो फटका आता चुकत नाही."

"दाखव."

दोघे मागच्या हिरवळीवर आले. व्यापारी तिथे होताच, चार पाहुण्यांसह. शिष्याने चेंडू ठेवला, मारला, आत. परत ठेवला, परत आत. पाहुणे खूश झाले. खाली वाकून आबांनी गवताकडे बराच वेळ पाहिले. मग शिष्याच्या हातातून काठी घेतली आणि व्यापाऱ्यापुढे धरली.

"शेठ, तुम्ही मारा."

"मी? आबा, मी पंपाचा दट्ट्या सोडून जन्मात काही धरलं नाही."

"धरा. चेंडू तिथंच ठेवा. हळू ढकला."

व्यापाऱ्याने पोट सावरले, काठी उलटसुलट करून पाहिली आणि चेंडू ढकलला. चेंडू निघाला, डावीकडे वळला आणि होलात पडला.

पाहुणे हसले. व्यापारी सर्वांत मोठ्याने हसला. "अरे, हे तर सोपं आहे. चार वर्षं काय करत होतास रे तिकडं?"

शिष्याचा चेहरा उतरला. "आबा, माझी फजिती करायला बोलावलंत का?"

"मी बोलावलं नाही. तू आलास." आबांनी चेंडू उचलला आणि मूळ जागेपासून हातभर बाजूला ठेवला. "आता तू मार."

शिष्याने मारला. चेंडू बाहेरून गेला. पुन्हा मारला. पुन्हा बाहेर.

"खाली बस," आबा म्हणाले. "ऊन समोरून येतंय. गवत बघ."

शिष्य गुडघ्यावर बसला. तिरप्या उन्हात त्याला दिसले. त्याच्या नेहमीच्या जागेपासून होलापर्यंत एक बारीक खोलगट रेघ गेली होती. चेंडू जाऊन जाऊन ती पडली होती. तिच्या टोकाला होलाची कडा झिजून खाली बसली होती. आजूबाजूचे गवत पिवळे पडले होते.

"चेंडू तू टाकत नाहीस. ही वाट टाकते," आबा म्हणाले. "हिच्यातून शेठचाही जातो. मैदानावरचं होल रोज का हलवतात? लहानपणी शिकवलं होतं तुला."

"कडा झिजते म्हणून. एकाच जागी पाय पडून गवत मरतं म्हणून."

"मग हे का नाही हलवलंस?"

शिष्याने झिजलेल्या कडेवरून बोट फिरवले.

"तिकडचं ते होल त्यांनी दुसऱ्याच दिवशी बुजवलं असेल. त्यावर आता गवत आहे. त्यावरून लोक चालतात. तू मात्र इथं त्याची समाधी बांधलीस. रोज पूजा करतोस. शेठ भाविक आणतात. समाधीपाशी बसणाऱ्याला खायला मिळतं, ते काही खोटं नाही. तेच हवं असेल तर खुशाल बस. पण त्याला सराव म्हणू नकोस, आणि मला विचारायला येऊ नकोस."

शिष्य उठला, माळ्यांच्या खोलीत गेला आणि होल कापायचे नळकांडे घेऊन आला.

हिरवळीच्या पार पलीकडच्या टोकाला त्याने ते जमिनीत दाबले, फिरवले आणि वर ओढले. गवतासकट मातीचा एक गोल गड्डा बाहेर आला. जुन्या होलातली पत्र्याची वाटी त्याने उपसून काढली आणि नव्या होलात बसवली. मातीचा गड्डा आणून जुन्या होलात घातला. नव्या होलातून निघालेल्या मातीनेच जुने बुजते, मैदानावर दुसरी माती आणत नाहीत. पायाने दाबून त्याने वर पाणी शिंपडले. आबा बघत उभे राहिले. मदत त्यांनी केली नाही.

व्यापारी हळहळला. "आबा, आता पाहुण्यांना काय दाखवू?"

"पंप दाखवा."

दुसऱ्या दिवसापासून शिष्य रोज सकाळी आधी होल हलवी, मग सराव करी. माळ्यांचा रूळ पुन्हा फिरू लागला. कधी उतार उजवा, कधी डावा, कधी कळेल न कळेल असा. तो रोज चुकू लागला. बघे यायचे बंद झाले. गावात कुजबूज झाली की म्हाताऱ्याने पोराचा हात घालवला. शिष्यालाही एकदोन वेळा तसे वाटले. आबांनी खुलासा केला नाही. नाव द्यायची मुदत संपायच्या आत त्याने निवडीसाठी नाव दिले, आणि मेळाव्यांना नाही म्हणून व्यापाऱ्याला सांगून आला.

स्पर्धा परक्या देशात होती. शेवटच्या दिवशी शेवटच्या हिरवळीवर पोचला तेव्हा तो जागेच्या काठावर होता. चेंडू होलापासून दोन-तीन पावलांवर होता. गेला तर आत, नाही तर घर.

तो खाली बसून उतार पाहू लागला. चेंडू आणि होल यांच्या मध्ये त्याला गवताचा एक गोल तुकडा दिसला, बाकीच्या गवताहून किंचित वर आलेला. कालचे होल. काल तिथे कुणी काही जिंकले असेल, कुणी हरले असेल. असा उंचवटा दाबून सपाट करायला खेळाचे नियम परवानगी देतात. त्याने रोजच्या सवयीने तळव्याने तो दाबला, वरून हात फिरवला आणि उठून उभा राहिला.

चेंडू आत गेला.

त्याला टूरवर एका वर्षाची जागा मिळाली. त्याहून जास्त टूरवाले सहसा कुणाला देत नाहीत.

निघण्यापूर्वी तो गावी आला. सकाळी मागच्या हिरवळीवर आबांसमोर सराव करत होता, तेवढ्यात व्यापाऱ्याची गाडी आली. बरोबर नवे पाहुणे होते. व्यापाऱ्याने इकडेतिकडे पाहिले.

"अरे, ती जागा कुठली रे? ते आपलं होल?"

शिष्याने काठी टेकवली. हिरवळ एकसारखी होती, कडेपासून कडेपर्यंत. तो दोन पावले पुढे गेला, थांबला, उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले.

"इथंच कुठंतरी असेल, शेठ. नक्की सांगता येत नाही."

त्याला खरोखरच सांगता येत नव्हते. आबांनी ते पाहिले.

व्यापारी मात्र ऐकेना. "मी स्वतः टाकलाय इथून. थांबा, दाखवतो." त्याने अंदाजाने चेंडू ठेवला, पोट सावरले आणि फटका मारला. चेंडू होलाला लांबूनच वळसा घालून खाली निघून गेला. पाहुणे हसले.

"आबा," व्यापारी कुरकुरत म्हणाला, "हिरवळ बिघडवलीत तुम्ही."

"सुधारली," आबा म्हणाले.

शिष्य चेंडू आणायला उतारावरून खाली गेला.